परमुलखाचे पाणी आणि जठराचा कर्करोग

जयपूरहून सीकरच्या रस्त्याने निघाले म्हणजे ३३ किलोमीटरांवर चौमूं लागते. नाथावत कछवाह्यांच्या या जुन्या जहागिरीच्या गावात त्यांचा किल्ला अजून उभा आहे. भोवतालची जमीन भाजीपाल्याची, आणि शेती बहुतेक सारी जमिनीखालच्या पाण्यावर अवलंबून. बँक, रेल्वे, टपाल किंवा मध्यवर्ती सरकारचे एखादे खाते यांच्या निमित्ताने आपल्यापैकी कोणी अशा गावी येऊन पडला, तर त्याच्या घरी जाणाऱ्या पहिल्या पत्रात एक वाक्य हमखास असते : ‘इकडचे पाणी मानवत नाही.’ जळजळ, पोटफुगी, मंदावलेली भूक, सारे त्या पाण्याच्या माथी बसते. पाणी निर्दोष ठरलेच, तर बाजरीची भाकरी, लाल मिरची आणि तुपाची धार आहेतच. मग ओवा, जिरे, आमसुलाचे सार, आणि अखेर औषधाच्या दुकानातली एखादी पित्तशामक गोळी.

दहांतील नऊ वेळा हे निदान बरोबरही असते, हे प्रथमच सांगून टाकतो. उगाच कोणाला घाबरविण्याचा हेतू नाही. परंतु या ‘पाण्या’च्या आड एक रोग शतकानुशतके लपून राहिला, आणि त्याला तेथून बाहेर काढण्यास वैद्यकाला फार मोठी वाटचाल करावी लागली. तो रोग म्हणजे जठराचा कर्करोग. त्याचा इतिहास हा एका अर्थी चुकलेल्या आरोपीचा इतिहास आहे. ज्या अन्नपाण्यावर रोगी आळ घेतो, ते सहसा कालपरवाचे असते; रोगाचे मूळ मात्र पुष्कळदा तीसचाळीस वर्षे मागे, बालपणीच्या घरात असते.

आपल्या प्राचीन वैद्यांना हा रोग या नावाने ठाऊक नव्हता, पण त्याच्या खुणा त्यांच्या नजरेतून सुटल्या होत्या असेही नाही. सुश्रुताने न पिकणाऱ्या, हळूहळू वाढणाऱ्या गाठीला ‘अर्बुद’ म्हटले आहे. चरकाने पोटातील गोळ्याला ‘गुल्म’ म्हणून त्याचे प्रकार सांगितले. माधवनिदानात पोटशूळाचे ‘परिणामशूल’ आणि ‘अन्नद्रवशूल’ असे भेद आहेत. अन्न पचण्याच्या वेळेशी वेदनेची सांगड घालणारी ही दृष्टी आजच्या डॉक्टरलाही परकी वाटणार नाही. उणीव होती ती एकच : जिवंत माणसाच्या जठरात डोकावण्याची सोय कोणाकडेच नव्हती. बाहेरून हात लावून जेवढे कळे तेवढेच कळे, आणि हाताला गाठ लागेपर्यंत बहुधा उपायाची वेळ टळलेली असे. युरोपातही निराळी स्थिती नव्हती. १७६१ साली मॉर्गान्ये या इटालियन पंडिताने शवविच्छेदनांवरून रोगांची ठिकाणे सांगणारा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून मेलेल्या माणसाचे पोट बोलू लागले. जिवंत माणसाचे बोलावयास आणखी शंभरावर वर्षे जावी लागली.

या मधल्या काळातील सर्वांत गाजलेला रोगी म्हणजे नेपोलियन. त्याची हकीकत आपण बहुधा लढाया आणि तह यांच्यासाठी वाचतो. त्याच्या पोटाची हकीकत मात्र परमुलखात राहणाऱ्याने मुद्दाम वाचावी अशी आहे. ऑक्टोबर १८१५ मध्ये त्याला सेंट हेलेना बेटावर आणून ठेवण्यात आले. पुढे दोनेक वर्षांत त्याची प्रकृती ढासळू लागली, उजव्या कुशीत दुखू लागले. त्याच्यावर नेमलेला आयरिश शस्त्रवैद्य ओमेआरा याने निदान केले : यकृताचा दाह, आणि तो या बेटाच्या हवेमुळे. झाले! आता हा प्रश्न वैद्यकाचा राहिलाच नाही. बेटाची हवा वाईट असेल, तर सम्राटाला तेथे ठेवणारे इंग्रज सरकार दोषी ठरणार; हवा चांगली असेल, तर रोगी ढोंगी ठरणार. गव्हर्नर हडसन लो याने १८१८ साली ओमेआराला बेटावरून काढून लावले. त्यानंतर स्टोको नावाच्या दुसऱ्या वैद्याने १८१९ च्या जानेवारीत तेच निदान केले, तर त्याला लष्करी न्यायालयापुढे उभे केले गेले. १८२१ च्या एप्रिलमध्ये बोलावलेला आर्नॉट हा स्कॉटिश डॉक्टर तर प्रथम म्हणाला, की हा बराचसा मनाचाच रोग आहे. ५ मे रोजी रोगी मेला.

यकृत की ढोंग, या वादात गुंतलेल्या कोणालाही जठर सुचले नाही. ते सुचले होते एका माणसाला, खुद्द रोग्याला. नेपोलियनचा बाप कार्लो बोनापार्त १७८५ साली माँपेलिए येथे, चाळिशीही न गाठता, पोटाच्या विकाराने वारला होता, आणि त्याचे शव उघडले तेव्हा जठराच्या खालच्या तोंडाशी गाठ आढळली होती. मुलाला हे ठाऊक होते. मरण्यापूर्वी काही दिवस त्याने आपला कॉर्सिकन वैद्य आंतोम्मार्की याला बजावले, की माझे शव उघड, जठर विशेष लक्षपूर्वक पाहा, म्हणजे माझ्या मुलाला तरी सावध करता येईल. ६ मे रोजी इंग्रज वैद्यांच्या देखत शवपरीक्षा झाली. जठराचा बराच भाग कर्करोगाने व्यापलेला आढळला. खालच्या तोंडापासून इंचभर अंतरावर जठराच्या भिंतीला करंगळी जाईल एवढे भोक पडले होते, आणि यकृत तेथे चिकटून बसल्यामुळेच ते बुजून राहिले होते. ज्या यकृतावर इतकी वर्षे आरोप होता, ते बिचारे उलट राखणदाराचे काम करीत होते! तरीही राजकारण सरले नाही. यकृत थोडे मोठे झाले होते असे एका इंग्रज वैद्याचे मत होते. ते वाक्य गव्हर्नरने अहवालातून गाळावयास लावले, आणि आंतोम्मार्कीने त्या अहवालावर सहीच केली नाही. १९६१ साली सोमलाच्या विषप्रयोगाची कल्पना पुढे आली, आणि ती आजही कादंबरीवाल्यांना प्रिय आहे. परंतु २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने जुन्या शवपरीक्षेची वर्णने आजच्या रोग्यांशी पडताळून पाहिली, आणि निर्णय पुन्हा पुढे गेलेल्या जठर-कर्करोगाच्याच बाजूने दिला.

नेपोलियनचे आनुवंशिकतेविषयीचे भय अगदीच निराधार नव्हते. आईबाप किंवा भावंडे यांत हा रोग झालेला असेल, तर धोका वाढतो. याचा एक भाग रक्तातून येतो : न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या हा रोग तरुणपणीच होत होता, आणि त्यामागील जनुकातील बिघाड १९९८ साली सापडला. असे रोगी एकंदरीत थोडे. दुसरा भाग रक्तातून नव्हे, तर एका ताटात जेवण्यातून, एका घरात वाढण्यातून येतो. त्याकडे पुढे वळायचेच आहे.

रोग कळला, आता तो काढता येईल का? १८७९ साली पॅरिसमध्ये पेआँ याने जठराचा रोगट भाग कापून काढला. रोगी पाचव्या दिवशी गेला. पुढल्या वर्षी पोलंडमध्ये रिडिगिएर याने तेच केले. त्याचा रोगी एक दिवसही जगला नाही. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थेओडोर बिलरोट याने टेरेझे हेलर या ४३ वर्षांच्या, आठ मुलांच्या आईवर ही शस्त्रक्रिया केली. कित्येक आठवडे तिच्या पोटात आंबट दुधाखेरीज काही ठरत नव्हते. ती शस्त्रक्रियेतून उठली, हिंडूफिरू लागली, आणि चार महिन्यांनी रोग पुन्हा उलटून गेली. शस्त्रवैद्यकाच्या इतिहासात हा विजयाचा दिवस मानतात, आणि तो आहेच. पण आठ मुलांच्या आईला मिळालेले चार महिने या विजयाची मर्यादाही सांगतात. हात कितीही कुशल असला, तरी रोग उशिरा सापडला की तो हात थिटा पडतो.

म्हणून खरी लढाई ‘लवकर पाहणे’ ही होती. १८६८ साली जर्मनीत कुसमाउल याने एका तलवार गिळणाऱ्या गारुड्याच्या घशातून सरळ नळी जठरापर्यंत नेऊन दाखविली. आत उजेड मात्र पुरेना. १९३२ साली शिंडलर याने थोडी वाकणारी दुर्बीण केली. १९५० साली जपानात उजी या शस्त्रवैद्याने ऑलिंपस कंपनीच्या तंत्रज्ञांच्या साहाय्याने गिळता येईल असा चिमुकला कॅमेरा सिद्ध केला, आणि १९५७ साली अमेरिकेत हिर्शोविट्झ याने काचतंतूंची पूर्ण लवचीक दुर्बीण प्रथम स्वतः गिळून पाहिली. जपानात या रोगाचे प्रमाण फार मोठे. तेथे १९६० च्या सुमारास क्ष-किरणांची यंत्रे मोटारींवर चढवून गावोगाव तपासणी सुरू झाली. पुढे दुर्बिणीची जोड मिळाली. नखाएवढा, केवळ आतल्या अस्तरापुरता असलेला कर्करोग सापडू लागला, आणि अशा रोग्यांपैकी शेकडा नव्वदांहून अधिक पाच वर्षांनंतरही जिवंत असलेले दिसले. रोग तोच, शस्त्रक्रियाही फारशी निराळी नव्हे. अंतर पडले ते वेळेचे.

आता आपल्याकडे पाहू. हिंदुस्थानातील कर्करोगाच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाचा पाया ज्यांनी घातला, ते डॉ. वसंत रामजी खानोलकर गोमंतकीय मराठी कुटुंबातले. पण त्यांचा जन्म १८९५ साली झाला तो दूर क्वेट्ट्यास. परमुलखात वाढणाऱ्या आपल्या मुलांविषयी चिंता करणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यास हरकत नाही. लंडनला वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते मुंबईस विकृतिशास्त्राचे अध्यापक झाले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले, आणि तेथील प्रयोगशाळा त्यांच्या हाती आल्या. त्यांचे वैशिष्ट्य असे, की सूक्ष्मदर्शकाखालील पेशीबरोबर ते त्या पेशीच्या मालकाच्या चालीरीतीही पाहत. १९४५ साली त्यांनी आणि सूर्याबाई यांनी रूढींतून उद्भवणाऱ्या कर्करोगांवर जो निबंध लिहिला, त्यात कमरेला घट्ट आवळलेल्या धोतराच्या काचाने त्वचेला होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन आहे. काश्मिरात कांगडीच्या शेकाने पोटाच्या कातडीला होणारा कर्करोग तर आधीपासूनच प्रसिद्ध होता. कर्करोग हा दैवाचा घाला नसून पुष्कळदा सवयींचा हिशेब असतो, हा विचार त्यामुळे आपल्या भूमीत रुजला.

परंतु हिशेब मांडावयाचा तर वही हवी. ती १९६३ साली मुंबईत सुरू झाली : शहरात कोणाला, कोठला कर्करोग झाला याची अखंड नोंद. १९८२ पासून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर नोंदी सुरू केल्या, आणि १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीस देशातील पहिली ग्रामीण नोंद उघडली. बार्शीचे नाव येथे मुद्दाम घेतो. शहरात रुग्णालयाचे कागद तरी असतात. बार्शीच्या खेड्यांतून कार्यकर्त्यांना घरोघर जाऊन विचारपूस करावी लागली. या वह्यांनी जे दाखविले ते मोठे बोधक आहे. जठराचा कर्करोग मुंबई-बार्शीकडे कमी, मद्रासकडे त्याहून अधिक, आणि मिझोराममध्ये तर कित्येक पटींनी जास्त. मिझोराममध्ये धुरावर सुकविलेले मांस आणि आंबविलेली डुकराची चरबी आवडीने खातात. तंबाखूचा धूर पाण्यात मुरवून ते पाणी तोंडात धरण्याचीही चाल आहे. काश्मिरातही हा रोग बराच. तेथे मिठाचा चहा आणि सुकविलेल्या भाज्या. मीठ, धूर आणि तंबाखू यांची नावे अशी पुन्हा पुन्हा वहीत येतात.

मीठ म्हटले, की परगावच्या मराठी माणसाला घरून आलेली लोणच्याची बरणी आठवणार. पानाच्या डाव्या बाजूला घेतलेली लोणच्याची एक फोड आणि जपानात रोज वाटीने खाल्लेले खारवलेले पदार्थ यांत अंतर आहे, हे मान्य. पण रोजच्या जेवणात लोणचे, पापड, सुकट, सांडगी मिरची यांनीच ताट भरत असेल, तर हात आवरणे बरे. मिरचीविरुद्ध मात्र पुरावा डळमळीत आहे. तिच्यावर फार आळ घेऊ नये.

मूळ मुद्द्याकडे वळू. मुलूख बदलल्याने हा रोग होतो का? याचे उत्तर आपल्यासारख्याच स्थलांतर केलेल्या लोकांनी दिले आहे. जपानातून हवाई बेटांत आणि अमेरिकेत जाऊन राहिलेल्यांचा अभ्यास हेन्झेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६८ च्या सुमारास प्रसिद्ध केला. जे मोठेपणी गेले, त्यांनी मायदेशाचा धोका बराचसा सोबत नेला; तेथेच जन्मलेल्या त्यांच्या मुलांत तो स्पष्टपणे उतरला. नव्या मुलखाचे पाणी बापाला ना मारू शकले ना तारू शकले. जठराची ठेवण बालपणीच ठरून गेली होती.

बालपणी ठरते ते काय, हे ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे कळले. रॉबिन वॉरन या विकृतिशास्त्रज्ञाला १९७९ पासून सुजलेल्या जठराच्या अस्तरावर वळणदार जंतू दिसत होते. जठरातल्या आम्लात जंतू जगूच शकत नाहीत अशी सर्वांची खात्री असल्याने त्याचे कोणी ऐकेना. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्याला मिळाला, आणि १९८२ साली ईस्टरच्या सुट्टीत पेट्या नेहमीपेक्षा अधिक दिवस तशाच राहिल्याने ते हळू वाढणारे जंतू अखेर रुजून आले. १९८४ साली मार्शलने त्यांचा पेला स्वतःच पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्या जंतूचे नाव. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला कर्करोगाचे निश्चित कारण म्हणून पहिल्या वर्गात घातले, आणि २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. जपानात १५२६ रोग्यांवर सरासरी आठेक वर्षे नजर ठेवली, तेव्हा जंतू असलेल्यांपैकी ३६ जणांना हा कर्करोग झाला, नसलेल्यांपैकी एकालाही नाही. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. हा जंतू बहुधा लहानपणीच, दाटीच्या घरात, आईबापांकडून आणि भावंडांकडून लागतो. मग वर्षानुवर्षे अस्तर सुजते, झिजते, त्याची जात पालटते, आणि काही थोड्यांत अखेर कर्करोग होतो.

येथे एक कोडे आहे. हा जंतू हिंदुस्थानात बहुसंख्य प्रौढांच्या पोटात असतो. तरी मिझोरामसारखे प्रदेश सोडले, तर कर्करोगाचे प्रमाण त्या मानाने थोडे. तज्ज्ञ यालाच हिंदुस्थानचे कोडे म्हणतात. जंतूची जात, माणसाचा पिंड, मीठ, तंबाखू, ताजी फळेभाजी यांचा काहीतरी एकत्र खेळ असावा. म्हणून तपासणीत जंतू निघाला एवढ्याने हाय खाऊ नये. प्रतिजैविके आणि आम्लशामके यांच्या दोनेक आठवड्यांच्या उपचाराने तो बहुधा जातो. याउलट विडी-सिगारेट आणि भरपूर मद्य यांना ‘आमच्याकडे चालते’ ही सबब नाही. पुरुषांत हा रोग बायकांच्या सुमारे दुप्पट, आणि वय वाढेल तसा वाढता. ‘अ’ रक्तगटाच्या माणसांत तो किंचित अधिक, हे १९५३ पासून ठाऊक आहे. पण रक्तगट काही बदलता येत नाही, तेव्हा त्याची काळजी व्यर्थ.

आणि चौमूंचे पाणी? त्याला अगदीच सोडून देता येत नाही. भूजलातील नायट्रेटच्या बाबतीत राजस्थान देशात अग्रभागी आहे. लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही आपल्याकडची मर्यादा पुष्कळ विहिरी ओलांडतात. पोटात नायट्रेटपासून कर्करोगजनक संयुगे बनू शकतात, हे तत्त्वतः मान्य आहे. प्रत्यक्ष पाण्याशी या रोगाचा संबंध दाखविणारे पुरावे मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. आपल्या विहिरीचे पाणी एकदा तपासून घ्यावे, विशेषतः घरात तान्हे मूल असेल तर, कारण त्याला हे पाणी दुसऱ्या, तातडीच्या रीतीने बाधते. परंतु दोन वर्षांच्या मुक्कामात या पाण्याने जठराचा कर्करोग झाला, असे म्हणता येणार नाही.

पाण्याला दोष देण्याचे खरे संकट निराळेच आहे. या रोगाची पहिली लक्षणे इतकी मामुली असतात, की त्यांना कोणतीही सबब पुरते : चार घास खाताच पोट भरल्यासारखे वाटणे, जेवणाची, आणि पुष्कळदा मांसाची, शिसारी, वरच्या पोटात अस्पष्ट बोच. पित्ताच्या गोळीने ती काही काळ थांबतातही, आणि तेथेच घात होतो. बदली झालेला मनुष्य तर विशेष फसतो. त्याचे जुने डॉक्टर मागे राहिले, नव्याची ओळख नाही. बायकामुले परीक्षेसाठी गावीच असली, तर त्याचे उतरत चाललेले वजन पाहणारेही कोणी नाही. कपडे सैल झाले, तर खाणावळीच्या जेवणाला दोष. पुढे डांबरासारखा काळा शौच, कारण नसता पांढुरकेपणा व धाप, जेवणानंतर तासांनी जुन्या अन्नाची उलटी, घास अडकणे, ही लक्षणे दिसू लागली की सबबी शोधण्याचे दिवस संपले असे समजावे. डाव्या गळपट्टीच्या हाडावरची गाठ, जी विर्शो या जर्मन पंडिताने १८४८ मध्येच सांगून ठेवली, ती तर फार उशिराची खूण. चाळिशी-पन्नाशीनंतर आयुष्यात प्रथमच सुरू झालेले आणि दोनतीन आठवड्यांत न हटणारे अपचन, किंवा बापाला-भावाला हा रोग झालेला असताना सुरू झालेले कोणतेही अपचन, दुर्बिणीने पाहून घेण्याच्या योग्यतेचे असते.

जयपुरास १९४७ पासून सवाई मानसिंग वैद्यकीय महाविद्यालय आहे, खासगी दवाखानेही पुष्कळ आहेत. रात्री जेवल्यानंतर सकाळपर्यंत उपाशी राहावे लागते. घशाला बधिर करणारे औषध फवारतात, आणि दुर्बीण आत-बाहेर होण्यास सहसा पंधरा मिनिटेही लागत नाहीत. चौमूंहून सकाळच्या गाडीने निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणाला परत येऊ शकतो.